पायलट व्हायचंय? आधी डोळे तपासा, मग खर्च विचारा

मी पुण्यात सीपीएलच्या, म्हणजे व्यावसायिक पायलट परवान्याच्या, मुलांना नॅव्हिगेशन आणि मेट, म्हणजे हवामानशास्त्र, शिकवते. त्याआधी काही वर्षं फ्लाइंग इन्स्ट्रक्टर होते. बारावीचे निकाल लागले की आईवडील मुलांना घेऊन येतात आणि पहिला प्रश्न खर्चाचा असतो. मी उलट विचारते, "याला रंग नीट दिसतात का?" बाई विषय टाळतायत, असं त्यांना वाटतं. तसं नाही. या वाटेवरची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा महाग आहे. म्हणून जिथे थोड्या पैशांत "नाही" कळू शकतं, ती पायरी आधी चढायची. जाहिराती बरोबर उलटं सांगतात: आधी टोकन रक्कम भरा, सीट पक्की करा, मेडिकल काय, होऊन जाईल. त्या जाहिरातींना उत्तर म्हणून हे लिहितेय.

आधी परवान्यांचा क्रम समजून घ्या, कारण निम्मा गोंधळ इथेच असतो. भारतात हे सगळं डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या हातात आहे. स्टुडंट पायलट लायसन्स म्हणजे एसपीएल, वय १६ पूर्ण. प्रायव्हेट पायलट लायसन्स म्हणजे पीपीएल, वय १७. ते घेतलंच पाहिजे असं नाही. कमर्शियल पायलट लायसन्स म्हणजे सीपीएल, वय १८. उडवण्याचे पैसे घ्यायचे तर किमान हे हवं. आणि एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स म्हणजे एटीपीएल, वय २१ आणि १,५०० तासांचं उड्डाण. एअरलाइनमध्ये उजव्या खुर्चीत, फर्स्ट ऑफिसर म्हणून बसायला सीपीएल, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता केवळ उपकरणांवर उडवण्याची परवानगी), मल्टी-इंजिन (एकाहून जास्त इंजिनांचं विमान उडवण्याची परवानगी) आणि टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण, लागतं. डाव्या खुर्चीत कॅप्टन म्हणून बसायला एटीपीएल. पदवी कुठेच लागत नाही. "बीएस्सी एव्हिएशन केल्याशिवाय पायलट होता येत नाही" असं कोणी सांगितलं, तर तो काहीतरी विकतोय असं समजा. आवड असेल तर खुशाल करा, पण त्या पदवीवर विमान उडवता येत नाही.

बारावीचं गणित

सीपीएलसाठी बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवेत, हा वर्षानुवर्षांचा नियम. ही अट काढण्याची चर्चा २०२५ मध्ये वर्तमानपत्रांतून बरीच झाली; पण चर्चेच्या भरवशावर अकरावीचे विषय ठरवू नका, त्या दिवशी डीजीसीएच्या संकेतस्थळावर जे लिहिलंय ते धरा. आपल्याकडे नेमकी अडचण अशी होते की मुलगी अकरावीला डॉक्टरकीच्या विचाराने बायोलॉजी घेते आणि मॅथ्स सोडते. मग नीटचा निकाल लागतो आणि घरात पायलटचा विषय निघतो. अशांनी घाबरायचं कारण नाही. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून राहिलेला विषय बारावीच्या पातळीला देता येतो. कॉमर्सची आणि आर्ट्सचीही मुलं याच वाटेने आली आहेत. एक सत्र जातं, इतकंच.

टक्केवारीचं म्हणाल तर परवान्यासाठी उत्तीर्ण असणं पुरतं. टक्के विचारतात ते प्रवेश देणारे. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी, म्हणजे इग्रुआ, ही केंद्र सरकारची संस्था. तिथे प्रवेश परीक्षा असते आणि बारावीला साधारण ५० टक्क्यांची अट. राखीव प्रवर्गांना ४५. एअरलाइनच्या कॅडेट योजना, म्हणजे आधी निवडून मग शिकवणाऱ्या योजना, आपापले आकडे ठरवतात आणि बदलतातही.

मेडिकल

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण मुलं सर्वांत कमी वेळ इथेच देतात.

मेडिकल दोन पातळ्यांचं. आधी क्लास टू. डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांची शहरवार यादी संकेतस्थळावर आहे, पुण्या-मुंबईत हे सहज होतं. त्यावर एसपीएल मिळतं. त्यानंतर क्लास वन, आणि सीपीएलला हेच लागतं. पहिलं क्लास वन हवाई दलाच्या केंद्रांत होतं, उदाहरणार्थ बंगळूरची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन किंवा दिल्लीचं एअर फोर्स सेंट्रल मेडिकल एस्टॅब्लिशमेंट (एएफसीएमई), नाहीतर डीजीसीएने पहिल्या तपासणीसाठी मान्यता दिलेल्या इतर केंद्रांत. तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून क्लास टू हातात आलं की लगेच क्लास वनच्या मागे लागा. माझा नियम साधा आहे: क्लास वनचा "फिट" हातात येईपर्यंत फ्लाइंग स्कूलला मोठी रक्कम द्यायची नाही. एसपीएलला क्लास टू पुरतं, म्हणून शाळा त्यावरच प्रवेश देऊन टाकतात. पुढे क्लास वनमध्ये अडकलात तर भरलेली फी परत मागत कोण बसणार?

तपासणीत रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, कान-नाक-घसा, ऐकण्याची ऑडिओमेट्री आणि डोळे हे सगळं येतं. चष्मा चालतो. दर वर्षी हे परत परत सांगावं लागतं, म्हणून पुन्हा लिहिते: चष्मा चालतो, चष्म्याने नजर पुरेशी सुधारली पाहिजे. नंबर फार मोठा असेल तर आधी चांगल्या नेत्रतज्ज्ञाला नियम दाखवून विचारा. लेसिक करून घ्यायचं असेल तर मेडिकलच्या आदल्या महिन्यात नको; शस्त्रक्रियेनंतर ठरावीक काळ जाऊन नंबर स्थिर झालेला दाखवावा लागतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीपूर्वी काही दिवस त्या काढून चष्म्यावर या.

खरी अडचण रंगांची. ठिपक्यांच्या गोलात लपलेला आकडा ओळखायचा, ती इशिहारा चाचणी. लाल-हिरव्याचा घोळ मुलींपेक्षा मुलांमध्ये बराच जास्त असतो, आणि तो असल्याचं बहुतेकांना ठाऊकच नसतं. रोजच्या आयुष्यात कुठे अडत नाही ना! धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची रांग असते, त्यांत किती पांढरे आणि किती लाल दिसतात यावर आपण उतरताना उंच आहोत की खाली ते कळतं. तिथे अंदाज चालत नाही. ही चाचणी कोणताही नेत्रतज्ज्ञ दहा मिनिटांत करतो. दहावीच्या सुट्टीतच करून टाका. आकडे वाचता आले नाहीत तर वाईट वाटेल, पण घर गहाण पडणार नाही.

बाकी सूचना फुटकळ आहेत, पण उपयोगाच्या. जाण्याआधी कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्या, नाहीतर ऑडिओमेट्री खराब येते. आदल्या दिवशी हेडफोन आणि डीजे दोन्ही बंद. वजन जास्त असेल तर आधीच उतरवा. वजन आणि रक्तदाब या दोन कारणांनी "टेम्पररी अनफिट" होऊन परत आलेले पुष्कळ पाहिले आहेत. टेम्पररी म्हणजे दार बंद नव्हे. सांगितलेली गोष्ट दुरुस्त करून पुन्हा जायचं असतं. पर्मनंट म्हटलं तरी अपिलाची सोय आहे. पण जुना दमा, आकडी, शस्त्रक्रिया यांतलं काही लपवू नका. अर्जावर तुमची सही असते, आणि पुढे दर वर्षी हीच तपासणी द्यायची असते.

नाव जुळलं पाहिजे

परीक्षेला बसण्याआधी डीजीसीएकडून कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेसाठीचा नोंदणी क्रमांक, घ्यावा लागतो. नोंदणी ऑनलाइन होते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका बोर्डाकडून पडताळून आणाव्या लागतात. महाराष्ट्र बोर्डाची नऊ विभागीय मंडळं आहेत. ज्या मंडळातून परीक्षा दिली तिथे अर्ज करायचा. सांगलीच्या मुलाला कोल्हापूर, नंदुरबारच्या मुलीला नाशिक. हे काम बारावीचा निकाल लागल्याच्या आठवड्यात सुरू करा.

मराठी घरांत आणखी एक भानगड असते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. पासपोर्टवर वडिलांचं नाव कुठे जोडलेलं, कुठे गायब. स्पेलिंगमध्ये एखादा जादा 'ए'. एरवी कोणी विचारत नाही, इथे विचारतात. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव पक्कं धरा आणि बाकी सगळी कागदपत्रं त्याला जुळवून घ्या, पासपोर्टसकट. एवढ्याशा कारणाने महिना-महिना वाया गेलेला मी पाहिलाय.

परीक्षा

विषय असे: एअर नॅव्हिगेशन, एव्हिएशन मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन, टेक्निकल जनरल, आणि ज्या विमानावर शिकता त्याचं टेक्निकल स्पेसिफिक. शिवाय रेडिओची आरटीआर परीक्षा. पर्यायी उत्तरांचे प्रश्न, पास व्हायला ७० टक्के, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. वर्षभरात नियमित सत्रं असतात, मधे ऑन-डिमांडही होतात. एका विषयात गेलात तर तेवढाच पुन्हा द्यायचा.

प्रश्नसंच पाठ करून पास होता येतं. मी हे नाकारत नाही, कारण माझ्यासमोर तसे पास झालेले बसतात. ते अडकतात एअरलाइनच्या मुलाखतीत. म्हणून बारावीचं फिजिक्स-मॅथ्स इथे नेमकं कुठे लागतं ते दोन उदाहरणांनी सांगते.

नॅव्हिगेशनमध्ये एकास साठचा नियम आहे. ६० नॉटिकल मैल उडाल्यावर ठरलेल्या रेषेपासून १ मैल बाजूला गेलात, तर दिशेतली चूक १ अंशाची. समजा बारामतीहून निघून ६० मैलांवर तुम्ही ३ मैल डावीकडे सरकलेले आहात, आणि मुक्काम अजून ६० मैल पुढे आहे. चूक ३ अंशांची. नाक ३ अंश उजवीकडे वळवलं तर तुम्ही मूळ रेषेला समांतर जाल, मुक्कामाला पोचणार नाही. पोचायला आणखी ३, म्हणजे एकूण ६ अंश वळावं लागेल. हे कागद-पेन्सिल न घेता, हलत्या कॉकपिटमध्ये, रेडिओवर कोणी बोलत असताना करता आलं पाहिजे. त्रिकोणमिती एवढीच, पण ती हाडात मुरलेली हवी.

दुसरं उदाहरण माझ्या गावचं, नागपूरचं. विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून साधारण १,००० फूट. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश तापमान धरतात आणि दर हजार फुटांना सुमारे २ अंशांनी ते उतरतं. म्हणजे नागपूरला हिशेबाने १३ अंश हवेत. मे महिन्यात दुपारी असतात ४४. फरक ३१ अंशांचा. दर अंशाला अंदाजे १२० फूट धरले तर ३,७०० फूट वाढले. हवा तापून विरळ झाल्यामुळे विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी ४,७०० फुटांवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही वर. पंखांना उचल कमी, इंजिनाला दम कमी, प्रोपेलरची पकड कमी, आणि उडायला धावपट्टी जास्त लागणार. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. सेस्ना १७२ या छोट्या शिकाऊ विमानात तिघं बसून टाकी गच्च भरलेली असेल, तर हा हिशेब आधी करायचा. सूत्र पाठ करणारा आकडा काढतो आणि विसरतो. ज्याने नागपूरचा मे सोसलाय तो विसरत नाही.

मेट हा मुलांना कंटाळवाणा वाटणारा विषय आहे आणि मला सर्वांत आवडणारा. सह्याद्रीच्या पश्चिमेला ढग का साचतात, मार्च-एप्रिलच्या दुपारी विदर्भात गडगडाटी वादळं का उठतात, हिवाळ्यात सकाळी धुकं कधी विरतं, हे सगळं आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. फक्त त्याला आकडे लावायचे. मुंबई विमानतळाचा, म्हणजे व्हीएबीबीचा, हवामान अहवाल रोज सकाळी उघडून वाचायची सवय लावा. तो कोडमध्ये लिहिलेला असतो, पण महिनाभरात वर्तमानपत्रासारखा वाचता येतो.

रेडिओ आणि इंग्रजी

मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे हळू आवाजात विचारतात, "मॅडम, इंग्रजीचं कसं?" तर ऐका. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, रेडिओवरची ठरलेली भाषा. अक्षरांना अल्फा, ब्रावो, चार्ली. भारतीय विमानांची नोंदणी व्हीटीने सुरू होते म्हणून शिकाऊ विमानातून हाक "व्हिक्टर टँगो"ने. नऊला "नायनर", तीनला "ट्री", पाचला "फाइफ". टॉवरने सांगितलेली उंची, दिशा, धावपट्टी जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. यात अलंकार नाहीत, व्याकरणही फारसं नाही. रोज मोठ्याने म्हटलं की येतं. उलट फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलं इथे मधेच गप्पा मारायला लागतात आणि मार खातात.

आरटीआर परीक्षा वर्षानुवर्षं दूरसंचार विभाग घ्यायचा. भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि हे काम डीजीसीएकडे आलं. संभाषणाचा भाग आणि तोंडी परीक्षा दोन्ही असतात. तोंडीत भंबेरी उडते ती बहुधा प्रसंग पुरता न ऐकल्यामुळे.

दुसरी गोष्ट इंग्रजी प्रावीण्याची पातळी, ईएलपी. एक ते सहा अशी मोजणी, किमान चार हवी. रेडिओ बिघडला, प्रवाशाला फिट आली, पक्षी आदळला, हे ठरलेल्या वाक्यांत बसत नाही. तेव्हा साध्या इंग्रजीत स्पष्ट सांगता आलं पाहिजे. उच्चार साहेबी नकोत, समजतील असे हवेत. जालना, धाराशिव, चंद्रपूरची मुलं आज एअरबस उडवतायत आणि त्यांचं इंग्रजी ऐकून कोणी गालातल्या गालात हसतही नाही.

दोनशे तास

सीपीएलला एकूण २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यात किमान १०० तास तुम्ही स्वतः पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमची. २० तासांचं क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून लांबच्या दुसऱ्या ठिकाणी जाणं, कमांडमध्ये, आणि त्यात एक प्रवास ३०० नॉटिकल मैलांचा, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. १० तास केवळ उपकरणांवर, ५ तास रात्रीचे आणि त्यात १० वेळा उडणं-उतरणं. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी ५० तास क्रॉस-कंट्री कमांड आणि ४० तास उपकरणांवर; या ४० पैकी काही सिम्युलेटरमध्ये करता येतात. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. २०० तास भरले पण रात्रीचे दीड तास कमी, अशी मुलं दर वर्षी भेटतात आणि त्या दीड तासांसाठी पुन्हा शाळेच्या रांगेत लागतात.

पहिला सोलो साधारण पंधरा-वीस तासांनंतर. इन्स्ट्रक्टर उतरून जातो, शेजारची खुर्ची रिकामी, आणि हलकं झालेलं विमान नेहमीपेक्षा झटकन वर उठतं. उतरल्यावर मित्र बादलीभर पाणी ओततात. त्या दिवशी नवा शर्ट घालू नये.

शाळा निवडताना मुलं विमानांचे फोटो पाहतात. तुम्ही हे विचारा: आज उडण्याच्या स्थितीत किती विमानं आहेत आणि विद्यार्थी किती? इन्स्ट्रक्टर किती? गेल्या तीन महिन्यांत एका विद्यार्थ्याला महिन्याला सरासरी किती तास मिळाले? देखभालीचा इंजिनिअर तिथेच असतो की बाहेरून येतो? पावसाळ्यात काय होतं? ऑफिसमधल्या माणसाचं उत्तर ऐका आणि मग बाहेर चहाच्या टपरीवर बसलेल्या विद्यार्थ्यांना तेच प्रश्न विचारा. दोन उत्तरं जुळली तर पुढे जा. डीजीसीए ऑक्टोबर २०२५ पासून वर्षातून दोनदा उड्डाण संस्थांची श्रेणी जाहीर करते, तीही पाहा. जाहिरातीत "१२ महिने" लिहिलेलं असेल तर मनात दीड-दोन वर्षं धरा. माझ्या एका विद्यार्थ्याने सगळी फी सवलतीच्या लोभाने एकरकमी भरली. पुढे विमानं दुरुस्तीला उभी राहिली आणि हा मेसमध्ये कॅरम खेळत बसला. हप्ते तासांना जोडून घ्या: इतके तास झाले, इतके पैसे. जी संस्था याला नाहीच म्हणते तिला आपणही नाही म्हणावं.

महाराष्ट्रात बारामती, धुळे, शिरपूर, गोंदियाचं बिरसी इथे मुलं शिकतात. १९२८ साली जुहूला सुरू झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब आज धुळ्यात उड्डाणं शिकवतो. जे. आर. डी. टाटांना १९२९ मध्ये भारतातला पहिला पायलट परवाना मिळाला, तो मुंबईत शिकूनच. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मोठी संस्था उभारण्याचं एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केलं. विदर्भातल्या पालकांनी तिकडे लक्ष ठेवावं.

परदेशी जायचं का? अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड इथे तास लवकर भरतात, हे खरं. पण परत आल्यावर परवान्याचं भारतीय रूपांतर करावं लागतं: एअर रेग्युलेशनची परीक्षा, नॅव्हिगेशन-मेट एकत्र असलेला कॉम्पोझिट पेपर, इथलं मेडिकल, त्या देशाकडून परवान्याची पडताळणी. तिथे निघण्याआधी वरची दोनशे तासांची यादी बॅगेत टाका, कारण तिथल्या परवान्याला लागणारे तास आणि आपल्याला लागणारे तास एकच नसतात. आणि जाण्याआधी इथलं क्लास वन. अमेरिकेचं मेडिकल मिळालं म्हणजे इथलं मिळेलच, असं नाही.

पैसे

आता बोलू. माझ्या अलीकडच्या विद्यार्थ्यांचा हिशेब असा: भारतात सीपीएल, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगसह पन्नास लाखांच्या आगेमागे, राहणं-जेवण वेगळं. टाइप रेटिंगचे वर पंधरा ते पंचवीस लाख. एअरलाइनच्या कॅडेट योजनेत शिक्षण आणि टाइप रेटिंग एकत्र असतं, निवड आधीच होते, पण आकडा कोटीपर्यंत किंवा त्याच्याही वर जातो. बँका कर्ज देतात, बहुधा तारण मागून. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या पहिल्या गटात सीपीएलचा समावेश आहे. उत्पन्नाची मर्यादा आहे, पण हे अनेकांना माहीतच नसतं. समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा.

एकरभर जमीन विकून पायलट करायचा विचार घेऊन आलेल्या वडिलांना मी एकच विचारते: परवाना मिळाल्यावर दोन वर्षं नोकरी लागली नाही तर हप्ता कोण भरणार? उत्तर असेल तर पुढे चला. हा धंदा लाटेचा आहे. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, त्याच वर्षी डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिले, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात गो फर्स्ट बंद पडली. त्याआधी २०१९ मध्ये जेट, २०१२ मध्ये किंगफिशर. प्रत्येक वेळी अनुभवी पायलट बाजारात आले आणि नवे रांगेत मागे सरकले. विमानं येतायत हे खरंच. ती तुमच्या कर्जाच्या वेळापत्रकाने येत नाहीत.

मुलीचे वडील याच टप्प्यावर विचारतात, मुलींना जमतं का. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुखांनी कोलकात्याहून सिलचरला फॉकर विमान नेलं, आणि त्यात सगळा चमू महिलांचा होता. त्याला आता चाळीस वर्षं झाली. भारतात महिला पायलटांचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे. हा प्रश्न संपलाय, पुढचा विचारा.

परवान्यानंतर

एअरलाइनची निवड म्हणजे लेखी परीक्षा, मानसिक क्षमतेच्या संगणकीय चाचण्या, सिम्युलेटर, मुलाखत. इथे प्रश्नसंचवाले गळतात. मुलाखतीत "डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणजे काय" असं विचारत नाहीत. "आज दुपारी इथून निघालात तर काय काय बघाल" असं विचारतात.

टाइप रेटिंग म्हणजे एका विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण: एअरबस ए३२०, बोइंग ७३७, एटीआर. नोकरी हातात नसताना स्वतःच्या पैशांनी ते करून ठेवावं का, यावर मतं वेगळी आहेत. माझं मत, करू नये. ए३२० चं केलंत आणि भरती ७३७ वाल्यांनी काढली, तर पंचवीस लाख कपाटात. नोकरीचं पत्र आल्यावर करा, किंवा निवडीत ते धरलेलं असेल तिथे जा. मधल्या काळात इन्स्ट्रक्टर रेटिंग घेऊन शिकवणं हा मला त्याहून शहाणा मार्ग वाटतो. तासही वाढतात आणि पगारही मिळतो.

वाट पाहण्याच्या या काळात मुलं एक गोष्ट विसरतात. सीपीएल आता दहा वर्षांसाठी मिळतं, २०२५ पासून ते मोबाइलवरही दिसतं, म्हणून वाटतं काम झालं. पण मेडिकल दर वर्षी संपतं. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची चाचणी दर वर्षी द्यावी लागते. ईएलपी चौथ्या पातळीचं असेल तर तीन वर्षांनी पुन्हा. भरतीची जाहिरात येते तेव्हा पंधरा दिवस हातात असतात आणि अर्जात सगळं चालू स्थितीत मागतात. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा, प्रत्येकीच्या दोन महिने आधी आठवण लावा, आणि तेवढ्या चाचण्यांचे व उड्डाणांचे पैसे पहिल्याच दिवशी कर्जाच्या हिशेबात धरा.

दारूचंही आताच सांगते. उड्डाणाआधी १२ तास पूर्ण बंद, आणि कामावर हजर होताना श्वासाची तपासणी. पहिल्यांदा सापडलात तर परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा कायमचा. काही माउथवॉशमध्ये आणि औषधांमध्येही अल्कोहोल असतं. ती वापरायला डीजीसीएची मनाई आहे. सर्दीचं औषध घेतानासुद्धा बाटलीमागचं वाचा आणि कंपनीच्या डॉक्टरांना विचारा.